आईची यादी

आमच्या घरी फुलांचा वास घ्यायला बंदी होती. घरामागे मोगरा, जाई, तगर, सोनचाफा. रात्री ओटीवर जास्वंदीच्या मिटलेल्या कळ्यांचे ढीग. आणि आम्ही भावंडं नाक लांब ठेवून शेकड्याने कळ्या मोजायचो. ती फुलं पहाटे दादरला जायची आणि तिथून कुणाच्या तरी देव्हाऱ्यात. देवाला वाहायचं फूल आधी हुंगलं की ते उष्टं होतं, हे आईने फुलबाजारातल्या बायकांकडून ऐकलं होतं आणि आमच्या ख्रिस्ती घरात तिने तो नियम थेट दहा आज्ञांच्या रांगेत नेऊन बसवला होता. 'देव कुणाचा का असेना, त्याच्या ताटातलं आपण आधी चाखायचं नाही,' म्हणायची. मंगळवारी सिद्धिविनायकामुळे जास्वंदीला भाव असायचा, म्हणून सोमवारची रात्र मोठी. कळ्या मोजता मोजता रोझरी, म्हणजे मारियेची जपमाळ, चालायची. दादाला झोप अनावर झाली की तो 'नमो मारिया'च्या जागी आकडा म्हणून जायचा आणि आई न रागावता पुढची ओळ सुरू करायची.

आई आता नाही. ती रोज चर्चला जायची, उपवास धरायची, कुणाच्याही मयताला सगळ्यात आधी पोचायची, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. पण एवढ्याने ती हाती लागत नाही. 'देवभोळी होती बिचारी' असं कुणी म्हणालं की मला राग येतो. ती भोळी नव्हती. हिशेबाची पक्की होती, बाजारात तिला कुणी एका रुपयाला फसवू शकलं नाही, आणि देवाशीही तिचा व्यवहार डोळे उघडे ठेवूनच चालायचा. ती माणसं सोडायची नाही, हीच तिची भक्ती होती. एकदा कुणी तिच्या प्रार्थनेत आलं की ते मरेपर्यंत, आणि मेल्यावरही, तिथेच राहायचं.

आमचं गाव वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, निर्मळच्या तळ्यावरून समुद्राकडे जाताना लागतं. निर्मळला शंकराचार्यांचं समाधिमंदिर आहे आणि जवळच होली क्रॉस चर्च. कार्तिक वद्य एकादशीला तिथे जत्रा भरते आणि त्या जत्रेत आमच्याकडच्या ख्रिस्ती बायका सुकेळी विकायला बसतात. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवून केळीच्याच सुक्या सोपटात बांधलेली ती सुकेळी आईही करायची. आता करणारी घरं फार उरली नाहीत. राजेळीच्या बागाच कमी झाल्या.

१५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला. पोर्तुगीज गेले, चर्चच्या घंटा देशावरच्या देवळांत गेल्या, पण ख्रिस्ती झालेली गावं जागची हलली नाहीत. त्याच वाड्या, तेच रहाट, तीच बोली. आम्ही कुपारी लोक घरात कादोडी बोलतो. आई रागवायची कादोडीत, भाव करायची मुंबईच्या मराठीत आणि देवाशी बोलायची प्रार्थनेच्या पुस्तकातल्या शुद्ध मराठीत. संत गोन्सालो गार्सिया वसईचे. १५९७ च्या ५ फेब्रुवारीला जपानात नागासाकीला त्यांना क्रुसावर खिळून मारलं आणि १८६२ मध्ये पोपनी त्यांना संत म्हणून जाहीर केलं. आई त्यांच्याविषयी बोलताना शेजारच्या घरातून परदेशी गेलेल्या मुलाविषयी बोलतेय असं वाटायचं. 'एवढ्या लांब जाऊन मेला पोर,' म्हणायची, आणि खरंच कळवळायची.

तिचा जन्म १९४८ चा. शाळा चौथीपर्यंत. तिच्या लहानपणी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये व्हायची, धर्मगुरूंची पाठ लोकांकडे असायची, बायका डोक्यावर पदर घेऊन एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. 'तेव्हा देव लॅटिन ऐकायचा आणि आम्ही घंटी ऐकायचो,' ती सांगायची. घंटी वाजली की गुडघे टेकायचे, पुन्हा वाजली की मान खाली. १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईला आले, तेव्हा आजोबा तिला घेऊन गेले होते. सोळा वर्षांच्या आईला त्या गर्दीतून दिसला तो एक हलणारा हात. त्यावरही ती खूश होती. त्याच सुमाराला व्हॅटिकनमध्ये चाललेल्या परिषदेने लोकांच्या भाषेत उपासना करायला मोकळीक दिली आणि पुढच्या काही वर्षांत आमच्याकडे मिस्सा मराठीत आली. आईला त्यातलं सगळ्यात काय आवडलं असेल, तर मधे एक जागा येते तिथे मेलेल्यांची आठवण करतात, ती जागा. धर्मगुरू तिथे नाव घेऊ शकतात. ते तिला आधी कळतच नव्हतं. 'इतकी वर्षं आमची माणसं तिथे आठवत होते आणि आम्हाला पत्ता नाही,' असं ती म्हणायची. माझी खात्री आहे, तिची यादी तिथूनच सुरू झाली.

रोज मिस्सेला जाणारी आई ही तिच्या उतारवयातली आई. आम्ही लहान असताना तिला रविवारखेरीज चर्च जमायचंच नाही. पहाटे अंधारात फुलांच्या टोपल्या घेऊन नालासोपाऱ्याला जाणारी पहिली एसटी, तिथून लोकलच्या लगेज डब्यात दादर. त्या डब्यात वसईच्या भाजीवाल्या, फुलवाल्या, डहाणूकडच्या मासळीवाल्या, दुधाचे कॅन असे खचाखच भरलेले असायचे. शेजारच्या बायकांच्या डब्यातून भजनं ऐकू यायची, टाळांसकट. आई टोपलीला पाठ टेकून पदराखाली माळ ओढायची. मी मोठ्या सुट्टीत तिच्याबरोबर जायचे. मला आठवतं, भजनातला गजर चढला की तिचा अंगठा मण्यावर थांबायचा, गजर संपला की पुढे सरकायचा. मी विचारलं तर म्हणाली, 'त्यांचं चाललंय ना, मधे कशाला बोलायचं?'

त्या डब्यातली अर्धी माणसं संध्याकाळी आमच्या घरात यायची, म्हणजे नावाने यायची.

रोझरीत पाच दशकं, म्हणजे दहा-दहा 'नमो मारिया'चे पाच गट. प्रत्येक दशकाच्या आधी आई नावं घ्यायची, आणि तेवढंच काय ते ती कादोडीत म्हणायची. आधी घरचे, मामा-मावश्या, चुलते. मग वाटेवरचे: टोपल्या चढवू देणारा एसटीचा कंडक्टर, लगेज डब्यातली ती बाई जिचा मुलगा घर सोडून गेला होता, फुलबाजारातला गुजराती शेठ, ज्याने माझ्या बहिणीच्या ऑपरेशनला चिठ्ठीही न लिहिता पैसे दिले होते. मग आजारी माणसं. मग मेलेली. मेलेल्यांत एक गडी होता, आमची विहीर उपसताना कड ढासळून गेलेला. तो पालघरकडच्या पाड्यावरचा, त्याचं आडनाव कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्याचं नाव आई पन्नास वर्षांत एकदाही विसरली नाही. आणि एक भाऊ होता आमचा, दादा आणि माझ्या मधला. जन्मला आणि काही मिनिटांत गेला. धर्मगुरूंना बोलवायला वेळ नव्हता, तेव्हा सुईणीनेच कपाळावर पाणी घालून त्याला बाप्तिस्मा दिला. अडीनडीला कुणीही देऊ शकतो, तो चालतो. त्या पाण्याबरोबर त्याला नाव मिळालं. त्या भावाचा फोटो नाही, जन्माचा दाखला नाही. तो आम्हाला फक्त यादीतून माहीत.

आम्हा मुलांना ही यादी पाढ्यासारखी पाठ होती आणि तेवढीच कंटाळवाणी वाटायची. गुडघे दुखायचे. भाताचा वास आतून यायचा. दादा एकदा म्हणाला, 'आई, सगळ्यांसाठी म्हण आणि संपव की.' आई म्हणाली, 'सगळे म्हणजे कोण? मला सगळे हाक मारतात का?'

२००२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोझरीत प्रकाशाची पाच रहस्यं घातली. रहस्यं म्हणजे येशू-मारियेच्या आयुष्यातले प्रसंग, एकेका दशकाला एकेक मनात आणायचा. तोवर आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची एवढीच होती. गावातल्या म्हाताऱ्या कुरकुरल्या, या वयात आता नवीन काय पाठ करायचं. आईने बघता बघता पाठ केली, कारण त्यात काना गावचं लग्न होतं. लग्नघरात द्राक्षारस संपला आणि ते पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं? मारियेच्या. 'पाहुणी म्हणून गेली आणि लक्ष सगळं स्वयंपाकघरात,' आई कौतुकाने म्हणायची. मारियेने येशूला फक्त एवढंच सांगितलं, की त्यांच्याकडचा द्राक्षारस संपलाय. काय कर ते सांगितलं नाही. आईच्या मते प्रार्थना करावी ती अशी. कुणाचं काय संपलंय ते सांगायचं आणि बाजूला व्हायचं.

आता यादीतल्या एका नावाकडे येते. ते मी इथे लिहिणार नाही.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईची जमीन बांधकामाला खुली झाली आणि आमच्या गावांत दलाल फिरायला लागले. रस्त्याकडेचा आमचा एक तुकडा होता, बाबांच्या वाटणीचा. बहिणीचं आजारपण, दादाचं शिक्षण, बाबांनी तो विकायचं ठरवलं. इसार म्हणून थोडे पैसे आले, बाबांनी कुलमुखत्यारपत्रावर सही केली. बाकीची रक्कम आलीच नाही. कळेपर्यंत फेरफार झाला होता आणि सातबाऱ्यावरून बाबांचं नाव गेलं होतं. वसईच्या कोर्टात दावा वर्षानुवर्षं चालला. आई तारखेला बाबांबरोबर जायची, डबा घेऊन, आणि वकिलाने विचारायच्या आधी कागदपत्रं क्रमाने काढून द्यायची. शेवटी पैसे आणि उमेद दोन्ही संपले. बाबांनी दावा सोडला.

ज्या दिवशी हे उघडकीला आलं त्याच दिवशी संध्याकाळी आईने त्या दलालाचं नाव यादीत घेतलं. बाबा उठून उभे राहिले. 'या घरात त्याचं नाव निघायचं नाही,' म्हणाले. आई गुडघ्यांवरच होती. ती म्हणाली, 'शत्रूंसाठी प्रार्थना करा, हे मी नाही लिहिलं. ज्याने सांगितलं त्याला विचारा.' आणि पुढचं नाव घेतलं.

लोकांना इथे ती संत वाटेल. तसं नव्हतं. ती त्याला शिव्याही द्यायची, कादोडीत, आणि त्या ऐकण्याजोग्या असायच्या. दावा जिंकू दे म्हणून तिने रमेदी माऊलीला, म्हणजे रमेदी चर्चमधल्या मारियेला, नवस बोलला होता. जमीन त्याला सोडून द्यावी असं तिच्या मनात कधी आलं नाही. पण त्याच्या मुलाला अपघात झाला तेव्हा तिने आजाऱ्यांत त्या मुलाचं नाव घातलं आणि बरा झाल्यावरच काढलं. क्षमा म्हणजे विसरणं, असं तिने कधी मानलं नाही. ती काहीच विसरायची नाही, आणि तरीही नाव घ्यायची. बाबा त्या नावापाशी गप्प बसायचे. बाकी सगळ्या नावांना 'आमेन', तिथे काही नाही. ही शांतता आमच्या घरात रोज संध्याकाळी तीसेक वर्षं पाळली गेली.

जमिनी गेल्या तशा विहिरीही गेल्या. टँकरवाले विहिरींतून पाणी उपसून शहराला विकायला लागले आणि उपशाने आमच्याकडचं गोडं पाणी मचूळ होत गेलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले, तेव्हा मोर्च्यात चालणाऱ्या बायकांत आई होती. चर्चला जाणाऱ्या बायका म्हणजे फादर म्हणतील ते ऐकणाऱ्या, असं समजणाऱ्यांनी त्या बायका पाहायला हव्या होत्या. पाणी कुणाच्या रहाटावरून कुठे जातं हे त्यांना फादरांपेक्षा जास्त कळत होतं. २०२० च्या जानेवारीत फादर दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आईने टीव्हीसमोरून उठायला नकार दिला. भाषण तिला सगळं कळलं का, माहीत नाही. 'आपल्या विहिरींसाठी चाललेला माणूस आहे तो,' एवढं तिला पुरेसं होतं.

गुडघ्यांनी साथ सोडली आणि दादर बंद झालं, तेव्हापासून ती रोज सकाळच्या मिस्सेला जायला लागली. इतक्या वर्षांची बाकी फेडल्याच्या उत्साहाने. कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घेण्याआधीचा उपवास चर्चने १९६४ मध्येच एका तासावर आणला होता, पण आईने लहानपणी शिकलेला मध्यरात्रीपासूनचा धरला. चहासुद्धा नाही. मधुमेह निघाल्यावर डॉक्टर ओरडले, तरी ऐकेना. शेवटी फादरांनी घरी येऊन समजावलं, तेव्हा कुठे अर्धी पोळी खाऊन जायला लागली. मिस्सेनंतर ती आणि आणखी दोघी वेदी झाडायच्या, फुलं बदलायच्या, कापडं घरी नेऊन धुवायच्या.

त्या कापडांत पवित्र गुरुवारचे टॉवेल असायचे. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून त्या संध्याकाळी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. नियमाने ते बाराही पुरुष असायचे. आई दरवर्षी बारा टॉवेल धुवून, नीळ घालून, इस्त्री करून द्यायची, पितळी तस्त चिंचेने घासायची, आणि मग आपल्या बाजूला बसून बारा पुरुषांचे पाय धुताना बघायची. याबद्दल ती कधी काही बोलली नाही. मीच बोलायचे, तावातावाने.

२०१६ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी तो नियम बदलला. बायकांचेही पाय धुता येतील. आमच्या धर्मग्रामातल्या तरुण धर्मगुरूंनी त्याच वर्षी काही बायकांची नावं काढली, त्यात आईचं नाव होतं. आई नाही म्हणाली. 'माझे पाय दाखवण्यासारखे आहेत का?'

खरंच नव्हते. आयुष्यभर पाटाच्या पाण्यात उभं राहून टाचा फाटलेल्या. भेगा एवढ्या खोल, की त्यांत केळीचा चीक जाऊन काळा पडलेला. केळीचा चीक कपड्यावरून निघत नाही, कातडीवरून काय निघणार. डाव्या अंगठ्याचं नख रहाटात चेंगरून कायमचं वाकडं. बुधवारी संध्याकाळी ती मागच्या दारी दगडावर बसली आणि वजरीने टाचा घासत राहिली. मी कोकमतेल गरम करून आणलं. भेगांत भरताना तिने ओठ दाबून धरले होते. काळ्या रेघा तशाच राहिल्या. 'राहू दे,' मी म्हटलं. 'येशूने धुतले त्यांचे पाय काय मऊ होते का? मासेमारी करणारी माणसं ती.' तिने वर बघितलं आणि पहिल्यांदाच मला वाटलं की मी धर्माबद्दल काही बोलले ते तिला पटलं.

दुसऱ्या दिवशी ती निळ्या काठाची साडी नेसून वेदीसमोरच्या खुर्चीवर बसली. तिच्या आधी शाळेचे निवृत्त मास्तर, तिच्यानंतर एक कॉलेजातला मुलगा. धर्मगुरू गुडघ्यांवर आले. तिने पाय थोडा मागे ओढला. त्यांनी घोटा धरला, तांब्याने पाणी घातलं, आणि टॉवेलने पुसताना त्यांचा अंगठा टाचेच्या भेगेवरून हळूच गेला, दुखू नये म्हणून जपून. मी पुढच्याच रांगेत होते, मला ते दिसलं. टॉवेल तिनेच इस्त्री केलेला होता.

घरी येताना ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, 'त्याची आई माझ्याच डब्यात असायची. माठाची भाजी आणायची ती. त्याने तिचे पाय बघितलेत.'

तिच्याबरोबर केलेल्या प्रवासांपैकी एक सांगायला हवा. महाबळेश्वरहून येताना आम्ही वाईजवळ मेणवलीला थांबलो. कृष्णेच्या घाटावर एका दगडी मंडपीत मोठी घंटा टांगलेली आहे, वसईच्या लढाईनंतर मराठ्यांनी आणलेली. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मारियेची आकृती आहे. दादाने इतिहास सांगायला सुरुवात केली, चिमाजी अप्पा, नाना फडणवीस वगैरे. आईने चप्पल काढली, जवळ गेली, पदराच्या टोकाने त्या आकृतीवरची धूळ पुसली आणि कपाळाला हात लावला. मग शेजारच्या देवळात गेली आणि तिथेही हात जोडले. दादाने विचारलं, 'आपल्याकडची घंटा नेली याचं काही वाटत नाही तुला?' ती म्हणाली, 'वाटतं की. पण वितळवली नाही त्यांनी. टांगली.' त्या संध्याकाळी यादीत मेणवलीचं गाव आलं. गावाचं नाव यादीत येण्याची ती एकच वेळ.

२०२० च्या मार्चमध्ये चर्च बंद झाली. मिस्सा मोबाइलवर आली. दादाने मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवला तर आई आंघोळ करून, बाहेरची साडी नेसून, पदर डोक्यावर घेऊन समोर बसली. उभं राहायच्या जागी उभी राहिली, गुडघ्यांच्या जागी गुडघे टेकले. कम्युनियन नाही, हे मात्र तिला फार लागलं. त्या दिवसांत गावात माणसं गेली आणि त्यांच्या मागे चार माणसंही जाऊ शकली नाहीत. तेव्हा तिने एक केलं. संध्याकाळी रोझरी ओटीवर येऊन मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. आधी समोरच्या घरातून उत्तर आलं, मग कोपऱ्यावरच्या, मग आळीच्या टोकाकडून. माणसं आपापल्या ओटीवर, कुणी कुणाजवळ नाही. ज्या घरातलं माणूस गेलं होतं त्या घराचं नाव आई पूर्ण आवाजात घ्यायची, म्हणजे त्या घरापर्यंत ऐकू जावं. तिचा आवाज मोठाच होता. आमच्याकडे तिला नारोशंकराची घंटा म्हणायचे, आणि ती घंटाही मूळची वसईचीच, हे तिला फार आवडायचं.

ती २०२३ च्या पावसाळ्यात गेली. मूत्रपिंडं थकली होती, डायलिसिस तिने काही महिने सोसलं. शेवटचे दिवस घरीच. फादरांनी अभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावायचा विधी, दिला, ती शुद्धीत होती, तेल लावायला तिने हातांचे तळवे स्वतः उलटे करून पुढे केले. मयताला दादरच्या फुलबाजारातल्या दोघी आल्या होत्या, पावसात, मोगऱ्याची मोठी पुडी घेऊन. शवपेटीवर ठेवलं तर चालेल का, विचारत होत्या. बाबांनी पुडी घेतली आणि स्वतः सोडून ठेवली.

दफन करून आलो त्या संध्याकाळी घर भरलेलं होतं. वहिनीने दिवा लावला, सगळे ओटीवर आणि आतल्या खोलीत दाटीवाटीने बसले. रोझरी कोण सुरू करणार, हा प्रश्नच इतक्या वर्षांत कधी आला नव्हता. दादाने केली. नावं आली तसं त्याने घरचे घेतले, कंडक्टर घेतला, शेठ घेतला, मेलेल्यांत गडी, आमचा भाऊ, आणि त्यांच्याबरोबर पहिल्यांदा आईचं नाव. तिथे त्याचा आवाज फुटला. वहिनीने पाठीवर हात ठेवला. तो सावरला आणि दशक सुरू करणार तेवढ्यात बाबा म्हणाले, 'एक राहिलं.'

दादाला वाटलं बाबांना ऐकू आलं नाही. 'सगळी घेतली बाबा,' तो म्हणाला.

'नाही. एक राहिलं,' बाबा म्हणाले, आणि त्या दलालाचं नाव त्यांनीच घेतलं. बहीण माझ्याकडे बघायला लागली. आळीतल्या ज्यांना माहीत होतं त्यांनी माना वर केल्या. दादा तसाच बसून राहिला, मग त्याने 'नमो मारिया' सुरू केलं.

पाहुणे गेल्यावर मी बाबांना विचारलं. ते ओटीवर खुर्चीत बसले होते, पाय लांब करून, दिवसभराच्या उभं राहण्याने सुजलेले.

'उद्या मी वर जाईन ना,' ते म्हणाले, 'तर ती बस म्हणायच्या आधी तेच विचारेल. यादी पुरी घेतलीत का, म्हणून.'